किटलीच्या तोंडाशी

झालं होतं एवढंच, की चढाच्या रस्त्यावर एक निळी गाडी अडकली होती. कॅनडातल्या कॅमलूप्समध्ये हिवाळ्यात हे रोजचंच. हेल्मी चष्म्याचं दुकान बंद करून बसथांब्याकडे निघाली होती, एका हातात किराण्याची पिशवी, दुसरा हात कोटाच्या खिशात. गाडीची मागची चाकं जागच्या जागी गरगरत होती, काळपट बर्फाचा चिखल उडत होता आणि आतला माणूस उगाचच आणखी जोर देत होता. मग जे नेहमी होतं तेच झालं. कॉफीच्या दुकानातून दोन पोरं धावली, लाल पगडीवाले एक आजोबा काठी भिंतीला टेकवून पुढे झाले. सगळ्यांच्या तोंडावर आपण मदतीला निघालोय याचा आनंद होता. आणि हेल्मी ओरडली. "वर जाऊ नका! अरे, सगळे वर जाऊ नका! मागे व्हा!" एवढा मोठा आवाज आपल्याला आहे हे तिलाच ठाऊक नव्हतं. पोरं थबकली. आजोबांनी वळून पाहिलं. "गाडीच आहे ती, बाई," ते समजुतीनं म्हणाले. "काही होत नाही. या, तुम्ही पण लावा हात." एक पोरगा फिसकन हसला. मग त्यांनी गाडी ढकलली, गाडी निघाली, चालकानं काचेतून हात हलवला, जो तो आपल्या वाटेनं गेला. हेल्मी आपली तिथेच, किराण्याची पिशवी छातीशी धरून.

बसमध्ये बसल्यावर आधी तिला लाज वाटली. मग लाज ओसरली आणि राग आला, तो मात्र घरी पोचेपर्यंत ओसरला नाही. राग त्या पोरांवर नव्हता. रस्त्यावरची गाडी ढकलायलाच हवी, त्यात काय. राग होता तो त्या चेहऱ्यांवरच्या आनंदावर. तो आनंद तिनं जवळून पाहिला होता. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, लाइलच्या तोंडावर शेवटचा पाहिला तो तोच. ओठाला मोहरीचा सॉस लागलेला, अर्धं सँडविच हातात, आणि वर किटली म्हणतात त्या डोंगरखोऱ्याच्या उतारावर मित्र ड्वेन बर्फगाडीसकट अडकलेला बघून लाइलचे डोळे असे चमकले, की जणू कुणी बक्षीस जाहीर केलंय. "अडकला गाढव," तो म्हणाला. "आलोच मी, दोन मिनिटांत." पाठीवरची पिशवी त्यानं जेवायला बसताना काढली होती. डोंगरावरून बर्फ कोसळला तर हवा भरून माणसाला त्याच्या वर ठेवणारी ती पिशवी, ओढला की ती फुगवणारा तिचा तो लाल दांडा. ती उचलून पाठीला लावायला किती वेळ लागतो? टोपी घालण्याइतका. त्यानं ती हेल्मीच्या गुडघ्याला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "बघ जरा हिच्याकडे." आणि ती बघत राहिली, पिशवीकडे. काय डोंबल बघायचं होतं तिच्यात!

आता तो म्हणे हुतात्मा झाला होता. कालच लाइलचा भाऊ मर्व्ह याचा फोन आला होता. लाइलच्या आठवणीची पाटी तयार झाली म्हणाला. देवदाराच्या फळीवर ड्वेननं स्वतः कोरलीय, हिवाळाभर खपत होता बिचारा. शनिवारी लाइलच्या नावाची फेरी निघेल, बर्फगाड्यांच्या क्लबाचे लोक येतील, डोंगरातल्या क्लबाच्या झोपडीच्या भिंतीवर पाटी ठोकायची, सॉसेज भाजायचे, दोन शब्द बोलायचे. "तू येशील ना? तुझी लेक तर येतेच आहे." आणि पाटीवर काय, तर लाइलचं नाव आणि खाली, मित्राच्या मदतीला धावून गेला. "छान आहे," हेल्मी फोनवर म्हणाली होती. फोनवर माणूस काहीही म्हणतो. पण आता बसच्या वाफ धरलेल्या काचेवर बोटानं रेघ ओढता ओढता तिच्या मनात आलं, छान कसली? जन्मभर त्या झोपडीत ओले हातमोजे वाळवायला येणारं प्रत्येक पोर ही पाटी वाचणार. आणि वाचून काय शिकणार?

लाइलनं स्वतः काय शिकवलं होतं, ते कुणाच्या लक्षात होतं का? हार्टली गावाबाहेर जिथे ट्रक लावून स्लेड उतरवतात, त्या मैदानात तो नव्या पोरांना ओळीत उभं करायचा. स्लेड म्हणजे खेळणं नाही, असं सुरू व्हायचं त्याचं. मागच्या पट्ट्यावर पळणारी, पुढे दोन पट्ट्यांवर सरकणारी ही मोटरगाडी कुठल्याही उभ्या बर्फावर चढते, हाच तिचा दोष. पायी चढणाऱ्याला जिथे जायला अर्धा दिवस लागेल आणि वाटेत चार वेळा अक्कल येईल, तिथे ही तुम्हाला एका दमात नेऊन ठेवते. मग तो बोटांवर मोजून सांगायचा. बीकन, म्हणजे गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र, छातीवर, फोन दुसऱ्या खिशात, नाहीतर एकमेकांचा आवाज खातात. फावडं पाठीवर, गाडीला बांधायचं नाही, गाडी गाडली गेली की फावडंही गेलं. गाड्या लावायच्या त्या ओळीत, तोंड बाहेरच्या बाजूला, पळता यावं म्हणून. उतारावर एका वेळी एकच. आणि वर कुणी अडकला तर? इथे तो थांबायचा, एकेकाच्या तोंडाकडे बघायचा. पोरं हमखास म्हणायची, वर जाऊन ओढायचं. "नाही!" लाइल गरजायचा. "खाली राहा. बघत राहा. तो निघतो आपला आपण. अडकलेल्याच्या शेजारी दुसरी गाडी नेलीत, की जो बर्फ एकाच्या वजनानं सुटत नव्हता तो दोघांच्या वजनानं सुटतो. कळलं? खाली राहा, बघत राहा." हे भाषण हेल्मीला तोंडपाठ होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याच ओळीत उभी राहून तिनं ते ऐकलं होतं, नाक लाल झालेलं, हसू दाबत, कारण आदल्या रात्री त्यानं तेच तिला स्वयंपाकघरात ऐकवून दाखवलं होतं.

आणि तरी तो गेला. गाडी अर्ध्या उतारावर पोचली, ड्वेनच्या खाली जरा डावीकडे, आणि एखाद्या गोदामाचं दार आतून कुणी लावावं तसा आवाज झाला. मोठासुद्धा नाही. पायाखालचा बर्फ किंचित खाली बसल्यासारखा झाला, आणि वर पांढऱ्यावर एक निळसर रेघ इकडून तिकडे धावत गेली. मग सगळा उतारच निघाला. जानेवारीतल्या कोरड्या थंडीनं खाली साखरेसारखा एक थर करून ठेवला होता, त्यावर महिनाभराचा बर्फ नुसता टेकून होता. हे त्याला माहीत होतं. सकाळीच ट्रकमध्ये कॉफी पिताना तो म्हणाला होता, "आज वरच्या अंगाला नको जायला." बर्फ थांबला तेव्हा ड्वेन रेघेच्या वर तसाच उभा होता, त्याची गाडी गेलेली, हातात काही नाही. हेल्मी बीकन घेऊन धावली. तो आकडा खाली खाली येतो आणि आवाज जवळ जवळ येतो, ते तिला नीट जमलं, हे सांगायला हवं, कारण नंतर लोक असं बोलायचे जणू कुणालाच काही जमलं नाही. बर्फात खुपसायच्या सळईला तो लागला. मग तिनं खणलं. बर्फ थांबला की सिमेंट होतो. लाइलच्याच पिशवीतल्या फावड्यानं तिनं एकटीनं खणलं. ड्वेन वरून पोचल्यावर तो नुसत्या हातांनी खणत होता, रडत होता, आणि त्याचं फावडं त्याच्या गाडीबरोबर कुठेतरी खोल पडलं होतं. मर्व्ह झोपडीत चूल पेटवत होता. लाइलचा चेहरा सापडला तेव्हा ओठाला मोहरी तशीच होती.

मयतीला पूर्ण खोरं लोटलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्लेड लावल्या होत्या, वर हेल्मेट ठेवून. बायकांनी ट्यूना घातलेल्या मॅकरोनीची भांडी आणून फ्रीज भरून टाकला. जो तो हात धरून एकच वाक्य बोलायचा, मित्रासाठी जीव दिला गं त्यानं. हेल्मीच्या जिभेवर आलेलं असायचं, की दिला कसला, गेला. पिशवी काढून ठेवून गेला. स्वतःचं भाषण विसरून गेला. पण हार्टलीत असं बोलता येत नव्हतं. ड्वेन कोपऱ्यात उभा, मान खाली. त्याच्यासमोर कसं बोलणार? लेक टेगन तर बापाचं जॅकेट अंगातून काढत नव्हती. गावाला लाइल हवा होता तो धावून जाणारा. हेल्मीनं तोंडाला कुलूप लावलं आणि चार महिन्यांनी शहरात येऊन चष्मे विकायला लागली. इथे लोक जवळचं दिसत नाही म्हणून येतात, लांबचं दिसत नाही म्हणून येतात, भिंग लावलं की दिसतं, पैसे देतात, जातात. सोपं काम. मागच्या हिवाळ्यात पलीकडच्या खोऱ्यात एक पोरगा अडकला, दुसरा मदतीला वर गेला आणि कमरेपर्यंत गाडला जाऊन वाचला. टेगननं हे फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं. "लाइलनं केलं तेच केलं म्हणाला, आई. मी असते तर मीपण गेले असते." हेल्मीनं तेव्हा फोन दुसऱ्या कानाला लावला होता आणि विचारलं होतं, जेवलीस का.

जेवलीस का! बसमधून उतरताना हे आठवून तिला स्वतःचीच चीड आली. पोरगी सव्वीस वर्षांची, हार्टलीत स्लेडच्या दुरुस्तीच्या दुकानात काम करते, प्रत्येक शनिवार-रविवार डोंगरात. आणि ती वर जाणार. आज नाहीतर उद्या कुणीतरी अडकणार आणि ही बापासारखे डोळे चमकवत जाणार, कारण तिच्या बापाचं नाव भिंतीवर त्यासाठीच कोरलंय. नाही. चुलीत जाऊ दे तो मान. ही पाटी लागणार नाही. घरात शिरून दूध फ्रीजमध्ये ठेवायच्या आधीच तिनं जिन्याखालचं खोकं ओढून काढलं. तिचा स्लेडवर बसायचा पोशाख, बूट, फावडं, सळई, बीकन. बीकनच्या बॅटऱ्या गळून हिरव्या झाल्या होत्या. तिनं चाकूच्या टोकानं त्या खरवडून काढल्या.

शनिवारी मैदानात गर्दी होती आणि ऊन चकचकीत. डिझेलचा वास, कुत्री, ट्रकांच्या उघड्या फळ्या, थर्मास. हेल्मी दिसल्यावर आवाज जरा खाली आले, मग परत वर गेले. मर्व्हनं तिला मिठी मारली. तो जाडा झाला होता आणि दाढी पार पांढरी. "आलीस! मी पैज लावली होती, येणार नाहीस. हरलो बघ," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी क्लबाची एक स्लेड उतरवायला सांगितली. टेगन लांबून बघत होती, बापाचं केशरी जॅकेट घालून. जवळ आली, गालाला गाल लावला. "जमेल ना गं तुला? दोन वर्षं बसली नाहीस." "तुझा पाळणा हलायच्या आधीपासून बसतेय मी," हेल्मी म्हणाली. टेगनला हसू आलं. मग सगळे एकेक करत मर्व्हच्या पुढून गेले, त्यानं हातातल्या बीकननं प्रत्येकाची छाती तपासली, टिक टिक टिक, चालू आहे, जा पुढे. लाइलच्या जागी आता मर्व्ह उभा राहायचा. पण भाषण कुणी केलं नाही. वेळ नव्हता, सॉसेज गोठतील म्हणाले.

झोपडीत शिरल्यावर हेल्मीनं पाहिलं तर पाटी आधीच ठोकलेली. ड्वेन आणि मर्व्ह आदल्या दिवशी येऊन ठोकून गेले होते. अक्षरं सुरेख होती, खरंच सुरेख. कडेनं देवदाराच्या डहाळ्या कोरलेल्या. लोक वाचत होते, टोप्या काढत होते. ड्वेन चुलीशी लाकडं सारखी करत होता. दोन वर्षांत त्याच्या खांद्यांत बाक आला होता. हेल्मी पाटीपुढे उभी राहिली आणि भल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "मर्व्ह, ही काढ." चुलीवरचे सॉसेज तेवढे चुरचुरत होते. "काय म्हणालीस?" "काढ म्हणाले. हे खोटं आहे."

"हेल्मी, सगळ्यांसमोर कशाला..."

"सगळ्यांसमोरच. लाइल मदतीला गेला आणि त्या जाण्यानंच मेला. त्यानं सगळ्यांना नको म्हणून सांगितलं आणि स्वतः गेला, पिशवीसुद्धा न लावता. मी त्याच्यावर जीव टाकत होते, म्हणून सांगते. मूर्खपणा केला त्यानं. मूर्खपणाची पाटी लावायची नाही."

ड्वेन उठून उभा राहिला, त्याच्या हातात लाकूड तसंच. मर्व्हचा चेहरा लालबुंद. "तो माझा भाऊ होता," मर्व्ह म्हणाला. "माझा नवरा होता," हेल्मी म्हणाली. मागून दार आपटलं. टेगन बाहेर गेली होती. पाठोपाठ गाडी सुरू झाल्याचा आवाज, चढत जाणारा, दूर जाणारा, आणि तो किटलीच्या दिशेला चाललाय हे हेल्मी, मर्व्ह आणि ड्वेन तिघांनाही लगेच कळलं.

ते तिघंच मागे निघाले. हेल्मीच्या हातांना सगळं आठवत होतं. झाडांतून वळणं, गुडघ्यानं गाडी कलती करणं, गालावर बसणारे बर्फाचे बारीक कण. किटलीच्या तोंडाशी जुन्या झाडांचा एक कोपरा आहे, डोंगराच्या धारेच्या आडोशाला, तिथवर वरचा बर्फ पोचत नाही. तिथेच त्या दिवशी ते जेवायला बसले होते. तिनं गाडी लावली, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि वर पाहिलं. सगळं खोरं उन्हात नुसतं पांढरं. त्यावर एकच रेघ, सरळ वर गेलेली, जिथे लाइलची संपली होती तिच्याही वर. आणि रेघेच्या टोकाला एक केशरी ठिपका. गाडी शेपटीकडून रुतली होती, नाक आभाळात. टेगन अडकली होती.

छातीवरचा वॉकीटॉकी खरखरला. लाइलनंतर क्लबानं तो प्रत्येकाला घ्यायला लावला होता. "मर्व्ह काका, मी फसले. मागची बाजू पार आत गेलीय. एकटीनं नाही निघायची." आवाजात धाप होती, आणि धापेखाली लहानपणचं काहीतरी. मर्व्हनं हेल्मेट चढवून गाडी सुरू केली. "आलो गं, थांब," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे. तेच डोळे. तोच उजेड, तोच आनंद. पोरीला सोडवायला काका निघाला. हेल्मी चार पावलं धावली. मर्व्हच्या जॅकेटपासून गाडीपर्यंत ती लाल दोरी असते, माणूस फेकला गेला तर गाडी बंद पडावी म्हणून. ती तिनं धरून हिसडली. गाडी मेली. दोरी तिनं दोन्ही टोकांनी सोडवली आणि आपल्या खिशात घालून चेन ओढली.

"डोकं फिरलंय का तुझं? ती वर आहे!"

"म्हणूनच."

"आई आहेस का कोण आहेस तू!"

"आई आहे. खाली राहा, मर्व्ह."

तो तिच्या अंगावर धावून येईल असं तिला क्षणभर वाटलं, आला असता तरी ती हलली नसती. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती वर बघत होती. तिच्याही पायांना जायचं होतं. हे कुणाला सांगून पटणार नाही, पण पोटऱ्या तिच्या नकळत ताठल्या होत्या, गुडघे पुढे ओढ घेत होते, जणू पाय तिचे नव्हतेच, कुणा दुसऱ्या चांगल्या बाईचे होते. ही चांगली बाई आतून ओरडत होती, जा, तुझी पोर आहे ती, उद्या काय तोंड दाखवशील? टेगन तीन वर्षांची असताना गोठलेल्या तळ्यावर घसरून पडली होती, ओठ फुटला होता. हेल्मी तेव्हा कशी धावली होती, एक बूट मागेच राहिला होता. धावण्यात किती सुख असतं. धावलं की मग भीती वाटत नाही. लाइलला बहुतेक भीतीच वाटली असेल, आणि त्यावर त्याला हाच एक उपाय ठाऊक असेल. हे तिला आज पहिल्यांदा सुचलं, आणि तिला त्याची दया आली, आणि रागही गेला नाही.

तिनं बटण दाबलं. "टेगन, मी बोलतेय. कुणी येणार नाही. ऐकते आहेस? लाल दांडा मोकळा कर, हाताशी ठेव. गाडीच्या खालच्या अंगाला उभी राहू नको. फावडं काढ आणि पट्ट्यामागचा बर्फ उपस, मग नाक खाली वळव."

"काकाला पाठव."

"नाही पाठवणार."

"आई, प्लीज. हात दुखतायत माझे."

"दुखू देत. खण."

मग वॉकीटॉकीतून एक शिवी आली, अस्सल हार्टलीची, आणि तो बंद झाला. मर्व्ह झाडाला पाठ लावून खाली बसला होता, हातात डोकं धरून. हेल्मीनं पाठीवरचं फावडं चाचपलं, सळई चाचपली, बीकन शोधायच्या बाजूला फिरवायला अंगठा कुठे लागेल ते बघून ठेवलं. उतार सुटलाच तर कुठून सुटेल, पोरगी कुठे वाहत येईल, कुठून चालत सुटायचं, हे ती डोळ्यांनी मोजत होती. मग तिच्या हाताला काहीतरी लागलं. ड्वेन होता. त्यानं आपल्या गाडीची दोरी तिच्या हातात दिली, कुणी न मागता. "ठेव," तो म्हणाला. त्याची नजरही वरच होती. "तेव्हा मी पण निम्मी गाडी उकरली होती. नाक वळलं होतं. आणखी थोडं, की निघालोच असतो मी."

हेल्मीनं दोरी मुठीत धरली. दोन वर्षं त्यानं हे गिळून ठेवलं होतं. लोक त्याच्या खांद्यावर थोपटून सांगत होते, लाइलनं तुला वाचवलं, आणि तो हिवाळाभर देवदारावर डहाळ्या कोरत होता. "मग बोलला का नाहीस रे?" "कुणाला बोलू?" ड्वेन म्हणाला. "तो फुकट गेला असं कुणाला सांगू?"

वर केशरी ठिपका वाकत होता, उठत होता. फावड्यातून उडालेला बर्फ उन्हात दिसायचा, मग दिसायचा नाही. एकदा ती गाडीवर डोकं टेकून बराच वेळ तशीच राहिली, आणि मर्व्ह उठला, "आता तरी..." म्हणाला. हेल्मीनं मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, उन्हानं असेल, तिनं पुसलं नाही, पुसायला हात डोळ्यांवर न्यावा लागला असता. मग नाक हललं. गाडी आडवी झाली, कलली, इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि धरलं. टेगन आपल्याच रेघेवरून खाली आली, सावकाश, एका अंगाला झुकून. उतार जसा होता तसाच राहिला. एक ढेकूळसुद्धा सुटलं नाही.

मर्व्ह हेल्मीकडे वळला. "बघितलंस? काही झालं नाही. मी गेलो असतो तरी काही झालं नसतं." "असेल," हेल्मी म्हणाली. "तुला ते कधीच कळणार नाही आणि मलाही नाही. मला चालेल." तिनं खिशाची चेन उघडून त्याची दोरी त्याला दिली. उद्या पूर्ण हार्टलीत बोभाटा होणार होता, की बाईनं पोटच्या पोरीला डोंगरात सोडलं. म्हणू देत. तिच्या मनात आलं, दर शनिवारी असंच म्हणू देत.

टेगननं गाडी ओळीत लावली, त्याही स्थितीत तोंड बाहेर करून. हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटलेले, ओठ पांढरे. चौघं झोपडीत परतले. क्लबाचे लोक पांगले होते, चुलीत निखारे होते, आणि कुणीतरी चार सॉसेज झाकून ठेवले होते. हेल्मी सरळ पाटीकडे गेली आणि फावड्याची धार फळीमागे घातली. दुसऱ्या बाजूनं ड्वेननं फळी धरली. खिळे कुरकुरत निघाले. मर्व्ह दारात उभा होता. तिनं फळी उलटी केली, कोरी बाजू वर, चुलीच्या कडेचा विझलेला कोळसा घेतला आणि लिहिलं. तिचं अक्षर चांगलं नव्हतं. ड्वेन म्हणाला, "मी कोरून देतो नंतर." मग त्यांनी ती त्याच खिळ्यांवर परत ठोकली. खाली राहा. बघत राहा. आणि खाली लाइलचं नाव.

टेगन बाकावर बसून बूट काढत होती. तिनं वर पाहिलं, वाचलं. हातात एक बूट तसाच राहिला. "बाबा म्हणायचा हे," ती म्हणाली.

"दर शनिवारी म्हणायचा."

"मग तो का गेला?"

"त्यानं स्वतःचं ऐकलं नाही."

टेगननं दुसरा बूट ओढला, तो निघेना, पुन्हा ओढला. हातांना फोड आले होते. हेल्मी जागची उठली नाही. "आणि तू," टेगन म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला, "मी वर मरत होते आणि तू खाली उभी राहून नुसती बघत होतीस."

"हो," हेल्मी म्हणाली. "बघत होते. सगळा वेळ. एकदाही नजर काढली नाही मी तुझ्यावरून."